चांदीची खालाजाद बहीण

लग्नानंतरच्या सत्यनारायणाला आलेल्या माणसानं नव्या नवरीला आशीर्वाद द्यावा, प्रसाद खावा आणि आपल्या घरी जावं, एवढीच साधारण अपेक्षा असते. दिगंबरराव कंधारकरांनी आमच्या सत्यनारायणाला येऊन माझ्या बायकोला पायातलं जोडवं काढायला सांगितलं.

सुनंदाला पुण्याहून हैदराबादला, आमच्या बरकतपुऱ्यात येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला असेल. ती पाया पडायला वाकली, तर समोर आमचे हे दिगूकाकाही वाकले. दोघं एकमेकांच्या पायांकडे वाकलेले बघून गुरुजींनी मंत्र थांबवला. काका खालूनच म्हणाले, “सूनबाई, एकच काढा. दुसरं राहू द्या पायात. शास्त्राला बाध नाही.” सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं आणि आईनं छताकडे पाहिलं. आईला अनुभव होता.

जोडवं हातात आल्यावर काकांनी खिशातून रुमाल काढून आधी फरशी पुसली. तीर्थाचे दोन थेंब सांडले होते, ते टिपले. परत कोरड्या बाजूनं पुसली, वर फुंकर मारली. “ओल्या फरशीवर नाद खरा येत नाही,” असं जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलं. मग कमरेचा मखमली बटवा सोडून एक जुना हाली रुपया बाहेर काढला. हाली म्हणजे हैदराबाद संस्थानच्या वेळचा, चांदीचा. या नाण्याला काका ‘उस्ताद’ म्हणत. कुठल्याही वस्तूची परीक्षा करायची तर आधी उस्ताद बोलणार, मग शागीर्द. उस्ताद शहाबादी फरशीवर पडला आणि खण्ण असा लांबलचक आवाज घुमला. मागोमाग सुनंदाचं जोडवं पडलं. टक्क.

काकांनी जोडवं उचललं, अंगठ्यानं घासलं, अंगठ्याचा वास घेतला आणि निकाल दिला. “चांदी नाही ही. चांदीची खालाजाद बहीण आहे. तोंडावळा मिळतो, बस.”

खालाजाद बहीण म्हणजे मावसबहीण, हे सुनंदाला मला समजावून सांगावं लागलं. तिच्या वडिलांना समजावून सांगावं लागलं नाही, तात्पर्य त्यांच्या लक्षात आलं होतं. जोडवी त्यांनीच पुण्यातल्या दुकानात स्वतः उभं राहून करून घेतली होती आणि या वेळी ते चौरंगाशेजारी हातात प्रसादाचा द्रोण घेऊन बसले होते. त्यानंतर माझे सासरे हैदराबादला आले ते थेट नातवाच्या बारशाला, आणि बाळाला त्यांनी स्टीलची वाटी दिली.

काही दिवसांनी सुनंदा एकटीच गौलीगुड्यातल्या सोनाराकडे जाऊन आली. सोनारानं काय सांगितलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिनं दुसरी जोडवी आणली आणि वडिलांची एका छोट्या डबीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. काका आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे, त्यामुळे बोलणं अगदीच टाळता येण्यासारखं नव्हतं. पुढची कित्येक वर्षं ती त्यांच्याशी दोनच वाक्यं बोलली. “काका, नळाला पाणी आलं,” आणि “काका, पाणी गेलं.”

आता हे दिगूकाका कोणी जवाहिरे, सराफ असते तर गोष्ट वेगळी. हयातभर त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली. कचेरीतल्या चहाच्या चमच्याखेरीज पांढऱ्या धातूशी त्यांचा कामापुरताही संबंध आला नाही. चांदीची जबाबदारी त्यांच्यावर कुणी टाकली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, “इल्म आहे बाबा. कानाला लागला तर लागतो, नाही तर नाही.” तो त्यांच्या कानाला लागला आणि त्रास सगळ्या बरकतपुऱ्याला झाला.

लग्नाच्या पंगतीत ते ताटाऐवजी विहिणीचा छल्ला बघायचे. मुंजीत बटूच्या भिक्षेची वाटी वाजवून बघायचे. एका साखरपुड्यात त्यांनी वरपक्षाकडून आलेला करंडा सगळ्यांसमोर फरशीवर टाकला आणि तो मावसबहीण निघाला. लग्न मोडलं नाही, पण ते मोडू नये म्हणून मुलीच्या बापाला बरंच वाकावं लागलं. काकांच्या फाटकाची कडी वाजली की आमच्या गल्लीतल्या बायका साडीचा काठ पायांवर ओढून घ्यायच्या. परपुरुषाची एवढी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नसेल.

बरं, या माणसाला खोटं सांगता येतं म्हणावं तर तेही नाही. तोंडदेखलं बोलणं त्यांना जमतच नसे. “काका, एवढं असली म्हणून टाकलं असतंत तर काय बिघडलं असतं?” असं मी एकदा विचारलं, तर मी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारखे ते बघत राहिले. म्हणाले, “विनू, मी म्हटल्यानं चांदी होते काय? माझा शब्द तेवढा वाया जातो.” असली हा त्यांचा शब्द फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला आला.

ओळखणं हा या विद्येचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे साफसफाई. दर रविवारी सकाळी काका व्हरांड्यात बैठक मांडायचे. रिठ्याचं कोमट पाणी, जुन्या धोतराचे मऊ तुकडे, चिमूटभर विभूती आणि केस झडलेला एक टूथब्रश. ज्यांचा वर्षभर अपमान झालेला असे तेच लोक दिवाळीच्या आधी पिशव्या घेऊन रांगेनं यायचे, कारण काकांसारखी चांदी कुणाच्याच हातून निघत नसे. मोबदला म्हणून काका काही घेत नसत. फक्त पिशवीतली निम्मी चांदी खोटी आहे, एवढं सांगून परत करत.

त्यांचे नियम होते. चांदी घासायची नाही, समजवायची. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा काढायचा नाही. “ते काजळ आहे. डोळ्यात राहू द्या, गालावरचं तेवढं पुसा.” कुणी टूथपेस्टनं घासलेला दागिना आणला की ते तो भिंगाखाली धरून त्याच्यावरचे ओरखडे बघायचे आणि समोरच्या बाईंना दुःखानं विचारायचे, “बाई, चांदीला दात असतात काय?”

याच सुमारास देशात उदारीकरण आलं. बरकतपुऱ्यात ते केबलच्या वायरीवरून गच्चीगच्चीत उतरलं. नव्या शीतपेयांच्या बाटल्या आल्या, चांदी नुसती बुडवली की चकचकीत करणारी औषधं आली आणि घराघरांत शहाबादी उखडून गुळगुळीत टाइल्स बसल्या. काहींनी तर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा टाकला. “गालिचावर काय ऐकू? माझं सर?” असं काका डोक्यावर हात मारून म्हणायचे. देश प्रगती करत होता आणि काकांना परीक्षेला फरशी मिळेना.

त्यातच काळी चांदी निघाली. ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून मुद्दाम काळी करून विकायचे आणि कॉलेजच्या मुली हौसेनं घ्यायच्या. शेजारच्या घरातल्या एका मुलीच्या आईनं तिचा असला हार काकांकडे दुरुस्तीला दिला, कडी तुटली होती म्हणून. काकांनी कडी जोडली आणि वर अख्खा रविवार खर्चून तो हार पांढराशुभ्र करून दिला. मुलगी रडत रडत आली. काकांना वाटलं आनंदानं रडतेय. खरा प्रकार कळल्यावर ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पैसे देऊन मळ विकत घेणाऱ्या पिढीपुढे आपण काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आणि स्टर्लिंग हा शब्द आला. ज्याचा कुणी ना कुणी अमेरिकेला गेला होता, आणि तेव्हा सगळ्यांचंच कुणी ना कुणी जात होतं, त्याच्या घरी एक तरी स्टर्लिंगची वस्तू आली. आत ९२५ असा शिक्का. म्हणजे हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी, बाकी तांबं. काकांना हिशोब मान्य होता, शिक्का मान्य नव्हता. “शिक्का तर बैलाच्या पाठीवर पण मारतात. म्हणून बैल चांदीचा होतो काय?” असं म्हणून ते उस्तादला बाहेर काढायचे.

कमलकाकू होत्या तोवर या सगळ्याला थोडा आवर होता. काकांचा हात बटव्याकडे जाताना दिसला की त्या दारातून फक्त “अहो” म्हणायच्या, आणि उस्ताद जागच्या जागी राहायचा. काकू गेल्या आणि अहो म्हणणारं कुणी उरलं नाही. एकुलता एक मुलगा प्रकाश कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला होता. खालचं घर फार शांत झालं. नळाचं पाणी गेल्याचं आम्ही वरून सांगायचो, तेवढाच काय तो दिवसभरात आवाज.

काकूंनी जाण्याआधी एक काम करून ठेवलं होतं. सुनेला दिवस गेल्याचं कळताच त्यांनी गौलीगुड्यात जाऊन बारीक घुंगरांचे वाळे करून घेतले. नातवंडानं ते पायात घालून या फरशीवरून पळावं आणि घर वाजावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वाळे घरी आल्यावर काकांनी उस्तादबरोबर त्यांची परीक्षा घेतली. स्वतःच्या बायकोलाही सूट नव्हती. मग म्हणाले, “असली.” काकू मला नंतर सांगत होत्या, लग्नातही हे माझ्याबद्दल एवढं चांगलं बोलले नव्हते. नात, रिया, झाली ती काकू गेल्यानंतर दोन महिन्यांनी.

तेव्हापासून दर रविवारी सगळ्यांची चांदी झाल्यावर शेवटी वाळे निघायचे. रिठ्याचं पाणी, मऊ कापड, खोबणीतलं काजळ जसंच्या तसं. मग ते रुमालात बांधून काका नारायणगुड्यातल्या एसटीडी बूथवर जायचे, अमेरिकेला फोन लावायचे आणि रिसीव्हरजवळ धरून वाळे वाजवायचे. “रियाला दे, ऐकू दे तिला.” मागे उभे असलेले लोक काचेवर टकटक करायचे. प्रकाश पलीकडून म्हणायचा, “बाबा, बिल वाढतंय.” काका म्हणायचे, “फिकीर नक्को करू, तिला ऐकू दे.”

या वर्षी येतो, असं प्रकाश दर वर्षी म्हणायचा. एका वर्षी व्हिसाची अडचण आली, एका वर्षी नोकरी बदलली, एका वर्षी घर घेतलं. काका तक्रार करत नसत. वाळे तेवढे आणखी चमकायचे.

शेवटी एका डिसेंबरात ती मंडळी आली. काकांनी सगळी फरशी स्वतः धुऊन कोरडी केली होती. आम्हाला आग्रहानं बोलावलं होतं. सुनंदा यायला तयार नव्हती, पण काकूंच्या वाळ्यांसाठी म्हणून आली आणि दाराशी उभी राहिली. काकांनी वाळे ताटात ठेवून आणले, रियाला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पायाशी मांडी घातली.

वाळे तिच्या बोटांवरून पुढे सरकेनात.

काकांनी एकदा इकडून घालून बघितले, एकदा तिकडून. रिठ्याचं पाणी मागवलं, बांगड्या भरताना साबण लावतात तसं ते पायाला लावलं. तरी वाळे टाचेपर्यंतसुद्धा गेले नाहीत. वर्षाभराच्या बाळाच्या मापाचे होते ते. वर्षानुवर्षं ते जसे होते तसे ठेवण्यात काकांनी जिवाचं रान केलं होतं, आणि दर वर्षी येणाऱ्या फोटोंमध्ये मुलगी वाढताना दिसत असूनही हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. प्रकाश हलकेच म्हणाला, “बाबा, सहा वर्षांची आहे ती.”

“मालूम आहे रे,” काका म्हणाले.

रियानं वाळे उचलले, दोन्ही कानांना अडकवले आणि मान हलवून घुंगरं वाजवली. सगळे हसले. काका सगळ्यांत जोरात हसले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. सुनंदानं आत जाण्यासाठी दोन पावलं टाकली आणि मग ती थांबली.

मंडळी निघाली त्या दिवशी सामान टॅक्सीत चढत असताना रिया काकांपुढे एक छोटी डबी घेऊन उभी राहिली. आजोबांना चांदी आवडते हे तिला माहीत होतं. शाळेच्या जत्रेत तिनं स्वतः निवडून एक अंगठी घेतली होती. “आजोबा, स्टर्लिंग,” ती म्हणाली. तिनं अंगठी काढली आणि मला दारातूनच कळलं. सुनंदाला कळलं, प्रकाशला कळलं, सामान उचलणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही बहुधा कळलं असावं. अंगठीचा रंग स्टीलच्या चमच्याचा होता, आणि रियाच्या तळहातावर ती बाटलीच्या बुचासारखी हलकी दिसत होती.

रियाला मात्र आजोबांचा खेळ बघायचा होता. प्रकाशनं तिला तो रंगवून सांगितला असणार. ती फरशीकडे बोट दाखवून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “टाक ना. मला ऐकायचं.”

सवयीनं काकांचा हात बटव्याकडे गेला. उस्ताद अर्धा बाहेर आला. इतक्या वर्षांत या माणसानं कुणालाच सोडलं नव्हतं. विहिणींना नाही, गुरुजींना नाही, माझ्या सासऱ्यांना तर नाहीच. काकांनी एकदा अंगठीकडे बघितलं, एकदा मुलीकडे, आणि उस्तादला परत बटव्यात सरकवलं.

“नक्को,” ते म्हणाले. “जिथं शक असेल तिथं टाकून बघायचं. ही असली आहे. एकदम असली.”

आणि त्यांनी ती बोटात घातली.

त्यानंतर बरकतपुऱ्यातल्या पीडितांना सुगीचे दिवस आले. अंगठी काकांच्या बोटातून निघेना आणि तिचं पितळ तर रोज थोडं थोडं उघडं पडत होतं. ज्यांचे छल्ले आणि वाट्या बदनाम झाल्या होत्या ते मुद्दाम थांबून विचारायचे, “काका, नवीन दिसते?” काका म्हणायचे, “हौ, अमेरिकेची स्टर्लिंग आहे. नातीनं दिली.” एक-दोघांनी तर टाकून दाखवा म्हणून आग्रह केला. काकांनी हात खिशात घातला. बोट हिरवं पडलं होतं, ते लपवायला त्यांना हल्ली हात खिशातच ठेवावा लागे. रविवारच्या बैठकीत सगळ्यांची चांदी निघायची, ही अंगठी तेवढी पाण्याजवळ जायची नाही. घासली तर जे उरलंय तेही जाईल, हे काकांहून चांगलं कुणाला माहीत असणार?

अशाच एका रविवारी सुनंदा खाली उतरली. नळाला पाणी येऊन गेलं होतं, तेव्हा तिच्या दोन्ही वाक्यांचा तसा उपयोग नव्हता. ती काकांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काका, ती अंगठी द्या जरा.”

काकांचा चेहरा उतरला. जोडव्याचा हिशोब बाकी आहे, हे त्यांनाही माहीत होतं. पण नाही म्हणता येईना. त्यांनी अंगठी काढून दिली. सुनंदानं ती उलटी करून आतून बघितली. हिरवं, पिवळं, मध्ये तो ९२५ चा शिक्का. ओच्यातून नेलपॉलिशची बाटली काढली, बिनरंगाची. अंगठी आतून पुसली, आत-बाहेर एक पातळ हात दिला, उन्हात धरून वाळवली, परत एक हात दिला.

“हे काय करता, सूनबाई?” काकांनी विचारलं.

“घामानं असली चांदीसुद्धा खराब होते, काका. यानं टिकेल. बोटालाही काही होणार नाही.”

काकांनी अंगठी घातली. बोट वळवून वळवून बघितलं. बराच वेळ ते समोरच्या रिठ्याच्या पाण्यात कापड बुडवत आणि पिळत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, “ती तुमच्या वडिलांची जोडवी कुठं आहेत?”

“आहेत कपाटात.”

“आणा. परत एकदा ऐकतो. त्या दिवशी फरशी ओली होती.”

मी काही बोलणार होतो, पण सुनंदानं माझ्याकडे असं काही बघितलं की मी गप्प बसलो. ती वर गेली आणि डबी घेऊन आली. काकांनी रुमालानं फरशी पुसली, परत कोरड्या बाजूनं पुसली, फुंकर मारली. उस्तादला बाहेर काढलंच नाही. जोडवं खाली टाकलं. टक्क.

“बघा,” काका म्हणाले, “कसा खण्ण नाद आहे. ऐकलात?”

“ऐकला, काका.”

“असली आहे. वडिलांना कळवा.”

सुनंदा तिथंच पायरीवर बसली. पायातली जोडवी उतरवून तिनं वडिलांची घातली आणि काकांसाठी चहा टाकायला वर निघाली. जिन्याच्या दगडी पायऱ्यांवर तिच्या पायांचा आवाज येत होता, टक्क, टक्क, टक्क. काका कापड हातात धरून, मान तिरकी करून, शेवटच्या पायरीपर्यंत तो ऐकत राहिले.